ज्वारीत पडलेला बंधारा: एव्हरेस्ट ते डब्ल्यूजीएस ८४, एका पाणलोट नकाशाचं प्रकरण

"वढा त्या आंब्यापल्याड हाय, साहेब. हितं पाणी व्हायल्याचं माझ्या आज्यानंबी कधी सांगितलं न्हाई."

तात्या बांधावर उभे राहून हात लांब करून दाखवत होते. आम्ही मोबाईलवरच्या निळ्या बिंदूवर बरोबर उभे होतो. नकाशात त्या बिंदूवर 'सिमेंट नाला बांध, क्र. १४' लिहिलं होतं. बिंदूखाली गुडघाभर ज्वारी होती. आंबा वायव्येला, चांगला शंभर-सव्वाशे मीटर लांब. माझ्या सहकाऱ्याने फोन आडवा-उभा केला, होकायंत्राचा आठ काढून झाला, लोकेशन बंद करून चालू केलं. बिंदू ज्वारीतच.

ही जागा पुण्याच्या दक्षिणेला, शिवगंगेच्या खोऱ्यातली. एका संस्थेला तिथे पाणलोटाचं काम करायचं होतं आणि नकाशे आमच्याकडे होते. एकूण ३७ जागा: २४ नवीन बांधांच्या आणि १३ जुन्या, दुरुस्तीच्या. नवीन जागा संस्थेच्या इंजिनिअरनी टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षण विभागाच्या छापील नकाशावर, पेन्सिलने खुणा करून दिल्या होत्या. ती शीट स्कॅन करून आम्ही संगणकात बसवली आणि खुणा उतरवून घेतल्या. जुन्या १३ जागा एका आधीच्या प्रकल्पाच्या अहवालातून आल्या. त्याच्या शेवटी एक तक्ता होता: बांधाचा क्रमांक, ईस्टिंग, नॉर्दिंग (पूर्वेकडचं आणि उत्तरेकडचं मीटरमधलं अंतर). वर 'यूटीएम झोन ४३' एवढंच. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत. कुठला डेटम, म्हणजे पृथ्वीचा कुठला आकार आणि कुठला मध्य धरून मोजलंय, ते लिहिलेलं नाही. हे न लिहिणं पुढे आम्हाला चार दिवसांना पडलं.

त्या दुपारी आम्ही आणखी तीन जागा पाहिल्या. तिन्ही चुकलेल्या. संध्याकाळी परतताना गाडीत ठरलं की जीपीएस खराब आहे. असं ठरवणं सोपं असतं, कारण जीपीएस काही बोलत नाही. पण तेच यंत्र हातात धरून आम्ही फाट्यावरच्या पुलावर उभे राहिलो होतो आणि उपग्रह चित्रावर बिंदू पुलावरच पडला होता. यंत्र ४-५ मीटरच्या आत होतं. चूक नकाशात होती, म्हणजे आमची होती.

बाण काढून पाहिले

ऑफिसात आल्यावर पहिली सूचना आली ती अपेक्षितच: "सगळा लेअर, सगळ्या ३७ खुणा, उचलून सव्वाशे मीटर वायव्येला सरकवू या, बसेल." नकाशाच्या धंद्यात हा उपाय फार लोकप्रिय आहे. मीही पूर्वी केला आहे, त्यामुळे तोंड वर करून बोलायचा मला अधिकार नाही. पण इथे तो चालला नसता, आणि का चालला नसता ते बाण काढल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खोऱ्यात गेलो, या वेळी बांधांच्या जागा सोडून ओळखीच्या खुणा धरल्या. टोपोशीटवर स्पष्ट दिसणाऱ्या पाच गोष्टी घेतल्या: देऊळ, रस्त्यावरचा पूल, दोन ओढ्यांचा संगम, एक जुनी विहीर आणि खिंडीतलं रस्त्याचं वळण. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं यंत्र ठेवून सरासरी घेतली. जुन्या बांधांचं तर आणखी सोपं होतं, कारण ते जागेवर उभेच होते. १३ पैकी सहा सापडले, त्यातला एक घाणेरीत पूर्ण बुडालेला. मग प्रत्येक ठिकाणी खऱ्या जागेपासून नकाशातल्या जागेपर्यंत एक बाण काढला.

बाणांचे दोन गट पडले, आणि इतके स्वच्छ की कोणी रांगोळीचे ठिपके जोडावेत. टोपोशीटच्या पाच बाणांची सरासरी ११२ मीटर दक्षिण आणि ७१ मीटर पूर्व. अहवालातल्या सहा बांधांची २५७ मीटर दक्षिण आणि १०१ मीटर पूर्व. दोन्ही गट साधारण आग्नेयेकडे, पण लांबी दुप्पट आणि कोनही वेगळा. सगळा लेअर एकाच मापाने सरकवला असता तर २४ जागा सुधारल्या असत्या आणि १३ जागा तशाच दीडशे मीटर चुकीच्या राहिल्या असत्या. वर त्या आता 'दुरुस्त केलेल्या' म्हणून कोणी तपासल्याही नसत्या.

यंत्राची किंवा हाताची चूक असती तर बाण इकडेतिकडे विखुरले असते. सगळे एकाच दिशेला आणि जवळपास एकाच लांबीचे असतील तर चूक हिशोबाची असते, आणि हिशोबाची चूक उलटा हिशोब करून पकडता येते.

एव्हरेस्टसाहेबांचे फूट

जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश आणि मोबाईलमधले अक्षांश-रेखांश दिसायला सारखेच, अंश-मिनिटं-सेकंदच, पण ते दोन वेगवेगळ्या पृथ्व्यांवर मोजलेले आहेत. शीटमागची पृथ्वी म्हणजे ब्रिटिश काळात भारताची मोजणी चालवणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली ठरवलेला लंबगोल, ध्रुवांकडे किंचित चपटा गोळा. तो भारताच्या जमिनीला छान बसावा म्हणून घेतलेला, मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कल्याणपूरला खिळलेला. जीपीएसची पृथ्वी म्हणजे डब्ल्यूजीएस ८४, जिचा मध्य पृथ्वीच्या वस्तुमानाच्या मध्यावर धरलेला. एव्हरेस्टच्या लंबगोलाचा मध्य तिथे नाही. भारतासाठी जे फरक सर्वत्र वापरले जातात ते असे: तीन अक्षांवर २९५, ७३६ आणि २५७ मीटर. तिन्ही मिळून दोन मध्यांमधलं अंतर ८३० मीटरच्या थोडं वर जातं. त्याशिवाय एव्हरेस्टचा लंबगोल आकाराने लहान आहे, विषुववृत्तीय त्रिज्येत सुमारे ८३६ मीटरने, आणि थोडा कमी चपटा.

या सगळ्याचा आपल्या खोऱ्यात परिणाम काय, तो हिशोब तासाभराचा. शिवगंगेच्या अक्षांश-रेखांशावर तो येतो १०५ मीटर उत्तर-दक्षिण आणि ७८ मीटर पूर्व-पश्चिम. शीटवरचे आकडे जसेच्या तसे डब्ल्यूजीएस समजून टाकले तर प्रत्येक बिंदू १०५ मीटर दक्षिणेला आणि ७८ मीटर पूर्वेला पडतो. मोजलेले होते ११२ आणि ७१. पहिला चोर सापडला.

तो शिरला कसा, तेही निघालं. शीटच्या चार कोपऱ्यांचे आकडे भरून स्कॅन बसवताना सॉफ्टवेअरने विचारलं, संदर्भ प्रणाली कोणती? अशा प्रत्येक प्रणालीला ईपीएसजी नावाचा एक क्रमांक असतो. समोर पहिलाच पर्याय ईपीएसजी ४३२६ होता आणि तो निवडला गेला. ४३२६ म्हणजे डब्ल्यूजीएस ८४. शीट होती एव्हरेस्टची, तिथे ४१४६ सारखा कल्याणपूरचा संकेत हवा होता. सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही, कारण करण्याजोगं काही नव्हतंच. ७३ अंश ४५ मिनिटं हा आकडा दोन्हीकडे वैध.

दुसऱ्या गटाला थोडा वेळ लागला. २५७ मीटर कुठून आले? अहवालातले आकडे अंश नव्हते, मीटर होते, आणि तिथे अजून एक पायरी मधे येते. यूटीएमचं नॉर्दिंग विषुववृत्तापासून मोजतात. लंबगोल लहान असेल तर त्याच अक्षांशापर्यंतचं अंतरही कमी भरतं. १८ अंशांच्या थोडं वर, एव्हरेस्टवरचं नॉर्दिंग डब्ल्यूजीएसपेक्षा सुमारे १५७ मीटर कमी येतं. त्यात आधीचे १०५ मिळवा: २६२. पूर्व-पश्चिमेला ७८ मध्ये आणखी १७ मीटर पडतात, कारण झोन ४३ चा मध्य ७५ अंशांवर आहे आणि आम्ही त्याच्या पश्चिमेला सव्वाशे किलोमीटर. एकूण ९५. मोजलेले २५७ आणि १०१. अहवाल बनवणाऱ्यांनी यूटीएम एव्हरेस्टवर काढलं होतं, आम्ही ते डब्ल्यूजीएसवरचं यूटीएम, म्हणजे ईपीएसजी ३२६४३, समजून टाकलं होतं.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. एव्हरेस्टने आपल्या लंबगोलाची त्रिज्या मीटरमध्ये दिलीच नव्हती. ती होती २,०९,२२,९३१.८ भारतीय फूट. आता एक भारतीय फूट म्हणजे किती मीटर, यावर नंतर वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरं दिली गेली: एकदा ०.३०४७९८४१, एकदा ०.३०४७९९६. फुटामागे फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. दोन कोटींनी गुणल्यावर त्याचे २५ मीटर होतात. म्हणून पुस्तकांत आणि सॉफ्टवेअरमध्ये 'एव्हरेस्ट १८३०' नावाखाली ६३७७२७६ पासून ६३७७३०१ पर्यंतचे आकडे सापडतात आणि नवखा माणूस एकाला खरा मानून दुसऱ्याला टायपिंगची चूक समजतो. दोन्ही बरोबर आहेत. फूट बदलला, एव्हरेस्टसाहेबांचा आकडा नाही.

(याच मोजणीचे पहिले सूत्रधार विल्यम लॅम्ब्टन १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा मोजून दक्षिणेतून त्रिकोण जोडत वर आले आणि १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. एव्हरेस्टचं नाव शिखराला गेलं. लॅम्ब्टनचं नाव मी पहिल्यांदा हिंगणघाटच्या एका मित्राकडून ऐकलं, कॉलेजच्या चार वर्षांत कधीच नाही.)

दुरुस्तीतल्या दोन चुका

कारण कळल्यावर दुरुस्ती अर्ध्या तासात व्हायला हवी. आमची दीड दिवस चालली.

पहिली चूक चिन्हाची. माझ्या सहकाऱ्याने तीन आकडे उलट्या चिन्हाने भरले, उणे २९५, उणे ७३६, उणे २५७. ही चूक सगळ्यांकडून होते, कारण अर्ध्या पुस्तकांत एव्हरेस्टकडून डब्ल्यूजीएसकडे जाणारे आकडे दिलेले असतात आणि अर्ध्यांत परतीचे. पण निकाल फसवा होता. उत्तर-दक्षिण जवळजवळ जुळलं, फक्त ९ मीटर जास्त उत्तरेला. तो खुशीत आला. पूर्व-पश्चिम पाहिलं तर चूक ७८ वरून १५७ मीटर झालेली. असं का, हे कागदावर मांडल्यावर कळलं. आपल्याकडच्या अक्षांशावर मध्याच्या सरकण्याचा उत्तर-दक्षिण परिणाम योगायोगाने जवळजवळ शून्य होतो, चारेक मीटरचा. १०५ मीटर जवळपास सगळे लंबगोलाच्या आकारातून येतात. त्यामुळे चिन्ह चुकलं तरी अक्षांश बरोबरच दिसतात आणि सगळी चूक रेखांशात जमा होते. हेच नागपुरात केलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. तिथे मूळ फरकच साधारण ८३ मीटर उत्तर-दक्षिण आणि १५० पूर्व-पश्चिम. पुण्यात 'बसवलेला' सरकावा विदर्भात नेणाऱ्यांनी हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

दुसरी चूक माझी. अहवालातल्या यूटीएमसाठी मी स्वतःची संदर्भ प्रणाली लिहिली आणि त्यात लंबगोल म्हणून सॉफ्टवेअरमधला तयार एव्हरेस्ट घेतला. त्याची त्रिज्या होती ६३७७२७६. सहा बांध तपासले तर सगळे जागेच्या पंधरा-वीस मीटर आत आले. खरं तर इथे थांबायला हरकत नव्हती. पण सहाच्या सहा उत्तरेकडे झुकलेले होते, आणि विखुरलेली चूक एकाच बाजूला झुकत नाही. २५ मीटर लहान त्रिज्या म्हणजे आपल्या अक्षांशावर नॉर्दिंगमध्ये आठ मीटर. ६३७७३०१ घातल्यावर झुकाव बराच कमी झाला. मग ३०१ की २९९, हा वाद निघाला, कारण १९७५ च्या व्याख्येत २९९ आहे. त्याचा फरक पाऊण मीटरही नाही, म्हणून तो मी तिथेच मिटवला. हातातलं यंत्र चार मीटरचं असताना पाऊण मीटरसाठी भांडायचं नसतं.

एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: हाच २५ मीटरचा गोंधळ टोपोशीटच्या गटात काहीच करत नाही. तिथे आकडे अंशांत होते, आणि अंशांत त्रिज्या बदलली तर उंची बदलते, जागा जवळजवळ बदलत नाही. आमच्या ऑफिसात दोघं जण दोन तास भांडले की त्रिज्येने फरक पडतो की नाही. दोघंही बरोबर होते, फक्त वेगवेगळ्या फाइलींबद्दल बोलत होते.

उरलेली चूक

सगळं झाल्यावर टोपोशीटच्या पाच खुणा पुन्हा तपासल्या. देऊळ ९ मीटरवर. पूल १४. विहीर १२. खिंडीतलं वळण २२. संगम ३१.

संस्थेच्या इंजिनिअरबाईंनी विचारलं, "मग अजून ३१ मीटर चूक आहेच ना?" प्रश्न रास्त होता. उत्तर तीन थरांत आहे आणि त्यांना मी ते चहाच्या टेबलावर, कागदावर आखून दिलं.

सगळ्यात वरचा थर रूपांतराचा. २९५, ७३६, २५७ हे आकडे सबंध भारतासाठी सरासरी काढलेले आहेत आणि त्यांची स्वतःची खात्री अनुक्रमे १२, १० आणि १५ मीटरची. सगळं मिळून वीसेक मीटरपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरच्या दशांश चिन्हानंतरच्या आठ आकड्यांनी कमी होत नाही. पडद्यावर अक्षांश १८.३५१२७४८६ दिसतो म्हणून तो मिलिमीटरपर्यंत खरा होत नाही.

मधला थर कागदाचा. शीट १:५०,००० ची. कागदावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. पंधरा मिनिटांची शीट उभी साधारण ५५ सेंटिमीटर असते, ती कपाटात पंधरा पावसाळे राहून एका मिलिमीटरने आखडली तर ते ५० मीटर झाले. आमची शीट घडीची होती, आणि खिंड नेमकी घडीवर.

शेवटचा थर जमिनीचा. शीटच्या सर्वेक्षणानंतर संगम खरंच सरकला असावा, ओढ्यांना आपण कुठे बांधून ठेवलंय.

यावर आमच्याकडे आणखी एक मोह येतो. पाच खुणा आहेत, तर त्यांच्यावरून आपल्या खोऱ्याचे स्वतःचे सात पॅरामीटर काढू या, तीन सरकण्याचे, तीन वळण्याचे आणि एक मापाचा. सॉफ्टवेअर आनंदाने काढून देतं. मी एकदा गंमत म्हणून काढून पाहिलं, पाचही खुणा चार-पाच मीटरच्या आत बसल्या. मग विहीर बाजूला ठेवून उरलेल्या चारांवरून काढलं, तर विहीर ४० मीटर पलीकडे गेली. म्हणजे पॅरामीटर पृथ्वीचे नव्हतेच, शीटच्या घडीचे होते. सात-आठ किलोमीटरच्या खोऱ्यात वळण आणि सरकणं एकमेकांपासून वेगळं करता येत नाही, एकाची चूक दुसरा गिळतो. ते काम शे-दीडशे किलोमीटर पसरलेल्या, दोन्ही प्रणालींत चांगल्या मोजलेल्या त्रिकोणमापन केंद्रांवरून करायचं असतं. आम्ही तीनच आकडे ठेवले आणि नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं: टोपोशीटवरून घेतलेल्या जागा, अचूकता ±३० मीटर. इंजिनिअरबाईंना ते आवडलं नाही. छापील नकाशावर ±३० बघून निधी देणारे काय म्हणतील, असं त्यांना वाटलं. ते वाक्य मी काढलं नाही.

उंचीचं वेगळं. जीपीएसची उंची लंबगोलापासूनची, शीटवरची समुद्रसपाटीपासूनची, आणि आपल्या भागात दोन्हींत साठ-सत्तर मीटरचा फरक. बांधाच्या सांडव्याची पातळी त्यावरून ठरवणार नव्हतो, लेव्हल लावून ठरवणार होतो, म्हणून तो विषय इथे सोडला.

आजकाल हा घोळ कमी व्हायला हवा. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या खुल्या शीट डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवरच निघतात. पण तालुक्याच्या कपाटांत, जुन्या अहवालांत आणि त्यांच्या झेरॉक्समध्ये एव्हरेस्ट अजून जिवंत आहे. त्यातही जो तक्ता कोणीतरी आधीच अर्धवट दुरुस्त करून पुढे दिला, तो सगळ्यात त्रासदायक. आमच्या सुदैवाने हा अहवाल जसाच्या तसा चुकीचा होता.

दहा दिवसांनी आम्ही नवीन नकाशा घेऊन पुन्हा गेलो. १४ नंबरचा बांध आता आंब्यापलीकडे, ओढ्यापासून ११ मीटरवर पडत होता. इंजिनिअरबाईंनी जागा पाहिली, डाव्या काठाला उघडा कातळ होता, त्यांनी बांध आणखी खाली कातळावर घेतला आणि चुन्याने रेघ मारली. तात्या बघत होते. त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला गटाचा नकाशा काढला.

"हे बी घाला ना त्याच्यात. माझी हद्द कुठं येती बघू."

मी नकाशा उलटसुलट करून पाहिला. शंकू-साखळीने मोजलेला, बांधांच्या दगडांवरून काढलेला, कडेला उत्तर दिशेचा बाण आणि साखळीची पट्टी. अक्षांश नाही, रेखांश नाही. त्याला एव्हरेस्टही माहीत नव्हता.

"तात्या, ह्याला मोजणी लावावी लागेल," मी म्हटलं. "हद्दीचे दगड जागेवर आहेत का?"

"तीन हायेत. चौथा भावकीनं हलवलाय."